दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को : हवाई अंतर आणि प्रवासाचा काळ

दोन विमानतळांमधील अंतर आणि ते कापण्यास लागणारा वेळ या दोन राशी व्यवहारात नेहमी जोडीने सांगितल्या जातात, आणि पहिली ठाऊक असली की वेगाने भागून दुसरी हाती येते, असे बहुधा गृहीत धरले जाते. रस्त्याच्या आणि लोहमार्गाच्या प्रवासात हे गृहीतक बऱ्याच अंशी खपून जाते, कारण तेथे मार्ग जमिनीला जखडलेला असतो आणि उद्याची गाडीही आजच्याच रुळांवरून धावते. विमानाचा मार्ग मात्र प्रत्येक उड्डाणापूर्वी नव्याने आखला जातो. त्या दिवसाचा वारा, त्या महिन्यातील राजकारण, विमानाची बनावट आणि वाटेत येणारे पर्वत या सर्वांचा विचार करून तो ठरतो. म्हणून अंतर ही पृथ्वीच्या आकाराची बाब आहे, तर काळ ही हवेची आणि राष्ट्रांच्या सीमांची बाब आहे, आणि या दोहोंचे नाते भागाकाराइतके सरळ नाही. प्रस्तुत पुस्तकाचा हा मुख्य प्रतिपाद्य विषय असून त्याच्या विवेचनासाठी दिल्ली आणि सॅन फ्रान्सिस्को ही विमानतळांची एकच जोडी आधाराला घेतली आहे.

ही निवड करण्यामागे एक विशिष्ट घटना आहे. एअर इंडियाने डिसेंबर २०१५ मध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला विनाथांबा सेवा सुरू केली, तेव्हा विमाने पश्चिमेकडे, म्हणजे युरोप आणि अटलांटिक महासागर ओलांडून जात असत आणि त्या मार्गाची लांबी सुमारे १३,९०० किलोमीटर भरत असे. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने दिशाच उलटी केली आणि विमान पूर्वेकडे, पॅसिफिक महासागरावरून पाठवले. त्या वेळी जाहीर झालेल्या आकड्यांप्रमाणे हा मार्ग सुमारे १५,३०० किलोमीटरचा, म्हणजे आधीच्यापेक्षा १,४०० किलोमीटरने लांब होता; तरीही विमान साडेचौदा तासांत पोहोचले आणि प्रवास सुमारे दोन तासांनी कमी झाला. परतीचे विमान अटलांटिकच्या बाजूने, म्हणजे पुन्हा पूर्वेकडेच निघत असल्यामुळे जाऊन-येऊन पृथ्वीप्रदक्षिणा पुरी होत असे. लांबची वाट धरून लवकर पोहोचण्याचा हा प्रकार वरवर चमत्कारिक वाटला, तरी त्यात चमत्काराचा अंश नाही. मात्र त्याचे स्पष्टीकरण देण्यासाठी भूमितीपासून हवामानशास्त्रापर्यंत आणि तेथून आंतरराष्ट्रीय कायद्यापर्यंत जावे लागते.

प्रथम भूमितीचा विचार करणे आवश्यक आहे. गोलाच्या पृष्ठभागावरील दोन बिंदूंना जोडणारी सर्वांत लहान वाट ज्या वर्तुळावर असते, त्याचे केंद्र आणि गोलाचे केंद्र एकच असते. अशा वर्तुळास बृहद्वृत्त म्हणतात. विषुववृत्त हे बृहद्वृत्त आहे, कोणतेही रेखावृत्त हे बृहद्वृत्ताचा अर्धा भाग आहे, परंतु विषुववृत्त सोडून इतर अक्षवृत्ते बृहद्वृत्ते नव्हेत, आणि सामान्य वाचकाचा गोंधळ बहुधा येथेच होतो. दिल्लीचा विमानतळ सुमारे २८.६ अंश उत्तर अक्षांशावर आणि ७७.१ अंश पूर्व रेखांशावर आहे, तर सॅन फ्रान्सिस्कोचा ३७.६ अंश उत्तर आणि १२२.४ अंश पश्चिम. दोन्ही ठिकाणे उत्तर गोलार्धातील असून त्यांच्या रेखांशांत १६० अंशांचा फरक आहे, म्हणजे ती पृथ्वीच्या जवळजवळ विरुद्ध बाजूंना आहेत. गोलीय त्रिकोणमितीने हिशेब केला असता त्यांच्यातील बृहद्वृत्तीय अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर येते. ही वाट दिल्लीहून उत्तरेकडे किंचित पूर्वेला झुकून निघते, हिमालय आणि तिबेट ओलांडून शिंच्यांग व सायबेरियातून जाते, लेना नदीच्या मुखाजवळ आर्क्टिक महासागरावर येते, सुमारे साडेपंचाहत्तर अंश उत्तरेपर्यंत चढते आणि मग अलास्कावरून व कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याच्या बाजूने कॅलिफोर्नियात उतरते.

शाळेच्या भिंतीवरील जगाच्या नकाशात ही वाट दिसत नाही, यात नवल नाही. तो नकाशा बहुधा गेरार्डस मर्केटर याने १५६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रक्षेपणपद्धतीवर किंवा तिच्यासारख्याच एखाद्या पद्धतीवर बेतलेला असतो. मर्केटरला खलाशांची सोय पाहायची होती. होकायंत्राची दिशा न बदलता जो मार्ग कापता येतो, ती समदिश रेषा त्याच्या नकाशावर सरळ दिसते, आणि त्या सोयीच्या बदल्यात ध्रुवाजवळचे प्रदेश अतोनात ताणले जातात. दिल्ली आणि सॅन फ्रान्सिस्को यांना पूर्वेकडून जोडणारी समदिश रेषा सुमारे १५,००० किलोमीटर लांबीची आहे, म्हणजे बृहद्वृत्तापेक्षा २,६०० किलोमीटरने अधिक. येथे एक गमतीचा योगायोग नोंदवण्यासारखा आहे. भूमिती न शिकलेल्या माणसाने नकाशावर पट्टी ठेवून काढलेली ही रेषा आणि २०१६ मध्ये संगणकाच्या साहाय्याने आखलेला पॅसिफिक मार्ग यांच्या लांबीत फारसे अंतर नाही. दोन्हींची कारणे मात्र अगदी वेगळी आहेत.

पृथ्वी हा तंतोतंत गोल नाही, ही गोष्टही हिशेबात घ्यावी लागते. विषुववृत्तावरील तिची त्रिज्या सुमारे ६,३७८ किलोमीटर, तर ध्रुवांकडील सुमारे ६,३५७ किलोमीटर असून दोन्ही टोकांना किंचित चपटी असलेल्या या आकृतीला लंबवर्तुळाभ म्हणतात. एकोणिसाव्या शतकात भारतीय उपखंडाचे जे मोठे त्रिकोणमितीय सर्वेक्षण झाले, त्यातून जॉर्ज एव्हरेस्ट यांनी १८३० मध्ये मांडलेला लंबवर्तुळाभ भारतीय नकाशांसाठी दीर्घ काळ आधारभूत राहिला. आज जगभरचे उपग्रह-मार्गदर्शन १९८४ मध्ये निश्चित केलेल्या जागतिक मापावर चालते. लंबवर्तुळाभावरील अंतर काढण्याची थॅडियस व्हिन्सेंटी यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेली पद्धत अजूनही सर्रास वापरली जाते. गोल मानून काढलेले अंतर आणि या पद्धतीने काढलेले अंतर यांत अर्ध्या टक्क्यापर्यंत तफावत पडू शकते. विमान अकरा किलोमीटर उंचीवरून उडते, म्हणजे किंचित मोठ्या गोलावरून जाते, त्यामुळेही या मार्गावर सुमारे वीस किलोमीटरची भर पडते. सर्वेक्षकाला हे फरक महत्त्वाचे वाटतील. प्रवासाच्या वेळेवर त्यांचा परिणाम एक-दोन मिनिटांचा, फार तर तीन-चार मिनिटांचा असतो, आणि एवढ्या सूक्ष्म गणिताने जी अचूकता मिळते, ती वाऱ्याच्या एका झोताने वाया जाते.

तो झोत या विषयाचा गाभा आहे. सुमारे नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, मध्य अक्षांशांच्या पट्ट्यात, पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगाने वाहणारे हवेचे अरुंद प्रवाह असतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. उत्तरेकडील थंड हवा आणि दक्षिणेकडील उष्ण हवा यांच्या तापमानातील तफावत आणि पृथ्वीचे परिवलन यांमुळे ते निर्माण होतात, आणि हिवाळ्यात ही तफावत वाढत असल्यामुळे त्यांचा जोरही वाढतो. जपानच्या पूर्व किनाऱ्याजवळ, आशिया खंडाची थंडगार हवा जेथे पॅसिफिकच्या उबदार हवेला भिडते, तेथे हा प्रवाह जगात सर्वाधिक जोमाने वाहतो आणि हिवाळ्यात त्याचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्याही पुढे जातो. या वाऱ्यांचा पहिला पद्धतशीर शोध जपानमधील तातेनो येथील वेधशाळेत वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून घेतलेल्या निरीक्षणांतून लागला. आपले संशोधन जगभर वाचले जावे या हेतूने त्यांनी ते एस्परांतो या कृत्रिम भाषेत प्रसिद्ध केले आणि त्यामुळे ते फारसे कोणी वाचलेच नाही. दुसऱ्या महायुद्धात १९४४ साली जपानवर उंचावरून बॉम्बफेक करणाऱ्या अमेरिकन वैमानिकांना या वाऱ्यांनी जेव्हा गाठले, तेव्हा त्यांचे अस्तित्व पुन्हा, आणि पुष्कळ महागात, शिकावे लागले. नागरी वाहतुकीने मात्र त्यातून झटकन फायदा करून घेतला: नोव्हेंबर १९५२ मध्ये पॅन अमेरिकन कंपनीच्या विमानाने टोकियोहून होनोलुलूला जाताना २५,००० फूट उंचीवर हा प्रवाह धरला आणि एरवी अठरा तासांचा प्रवास साडेअकरा तासांत पुरा केला.

आता दिल्लीच्या उदाहरणाकडे वळता येते. आधुनिक जेट विमान हवेच्या सापेक्ष ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने जाते. जमिनीवरील वेग मात्र या वेगात वाऱ्याची बेरीज किंवा वजाबाकी करून ठरतो, आणि प्रवासी ज्या विमानतळावर उतरतो तो जमिनीला जोडलेला असल्यामुळे त्याच्या लेखी महत्त्व या दुसऱ्या वेगाला असते. वर दिलेल्या १५,३०० किलोमीटरला साडेचौदा तासांनी भागले असता ताशी १,०५० किलोमीटरहून थोडा अधिक वेग येतो, म्हणजे सबंध वाटेवर सरासरी दीडशे किलोमीटरचा वारा विमानाला मागून ढकलत होता. अटलांटिकच्या बाजूने जाताना हाच पश्चिमी वारा बऱ्याच वाटेवर तोंडावर येतो. येथे हेही सांगितले पाहिजे की १२,४०० या भूमितीय अंतराला ९०० ने भागून त्यात चढ-उताराचा अर्धा तास मिळवण्याची ढोबळ रीत लावली, तर उत्तर सव्वाचौदा तास येते, जे २०१६ च्या प्रत्यक्ष वेळेशी जवळपास जुळते. हे उत्तर बरोबर आले तरी त्याचे कारण चूक आहे: जे विमान त्या वाटेने गेलेच नाही, त्याचा वेळ त्या वाटेवरून काढलेला आहे. ढोबळ रीतींवर लोकांचा विश्वास टिकून राहतो, तो बहुधा अशा योगायोगांमुळे.

वाऱ्याविषयी एका प्रचलित गैरसमजाचे निरसन येथेच केलेले बरे. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानाच्या दिशेने त्याचे गंतव्यस्थान आपोआप सरकत येते आणि तो प्रवास लवकर व्हायला हवा, असा तर्क अनेकदा मांडला जातो. वातावरण पृथ्वीबरोबरच फिरत असल्यामुळे आणि विमान त्या वातावरणातच तरंगत असल्यामुळे हा तर्क टिकत नाही, शिवाय अनुभव नेमका उलट आहे. मुंबई-लंडन हे सुमारे ७,२०० किलोमीटरचे अंतर जाताना अधिक वेळ घेते आणि परतताना साधारणपणे तासाभराने कमी, कारण परतीच्या वाटेवर पश्चिमी वारे साथ देतात. पावसाळ्यात मात्र भारतीय द्वीपकल्पाच्या माथ्यावर हे चित्र पालटते. जून ते सप्टेंबर या काळात तापलेले तिबेटचे पठार आणि तुलनेने थंड हिंदी महासागर यांच्यातील फरकामुळे सुमारे पंधरा किलोमीटर उंचीवर पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा वेगळा जेट प्रवाह तयार होतो. भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५० च्या दशकात त्याचा अभ्यास जगापुढे मांडला. मुंबईच्या मॉन्सूनचा विमानांवर होणारा परिणाम म्हटला की पाणी साचलेली धावपट्टी डोळ्यांपुढे येते. त्याच मॉन्सूनचा हा वरच्या थरातील वारा बहुतेकांच्या गावीही नसतो.

वारा अनुकूल असला तरी वाट मोकळी असेलच असे नाही. १९४४ च्या शिकागो कराराच्या पहिल्याच कलमाने प्रत्येक राष्ट्राचे आपल्या भूमीवरील आकाशावर पूर्ण आणि अनन्य सार्वभौमत्व मान्य केले, आणि त्यामुळे परकीय विमानाला कोणत्याही देशावरून जाणे हे परवानगीने आणि बहुधा शुल्क भरूनच शक्य होते. याचे सर्वांत बोलके उदाहरण हेलसिंकी-टोकियो या मार्गाचे आहे. दोन शहरांमधील बृहद्वृत्तीय अंतर सुमारे ७,८०० किलोमीटर असून ते जवळजवळ संपूर्ण रशियावरून जाते. सोव्हिएत संघ आपले आकाश देत नसल्यामुळे फिनएअरने १९८३ मध्ये ही सेवा उत्तर ध्रुवावरून वळसा घालून सुरू केली. पुढे सायबेरिया खुला झाला, वेळ साडेनऊ तासांच्या आसपास आला आणि हेलसिंकी हे युरोपातून आशियाला जाण्याचे सोयीचे दार बनले. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेन युद्धाबरोबर रशियाचे आकाश युरोपीय कंपन्यांना बंद झाले, प्रवास पुन्हा तेरा तासांच्या घरात गेला आणि विमाने पुन्हा ध्रुवाकडे वळली. या चाळीस वर्षांत दोन शहरांमधील अंतर एका किलोमीटरनेही बदलले नाही.

भारताच्या वाट्याला या प्रश्नाची वेगळी बाजू आली. भारतीय कंपन्यांना रशियाचे आकाश खुले राहिल्यामुळे अमेरिकेच्या मार्गावर त्यांना अमेरिकी स्पर्धकांपेक्षा थेट वाट मिळाली. पण फेब्रुवारी २०१९ मध्ये आणि त्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपली हवाई हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेकडे निघणाऱ्या विमानांना प्रथम दक्षिणेकडे, अरबी समुद्राकडे उतरावे लागले. २०२५ मध्ये उत्तर अमेरिकेच्या काही उड्डाणांना इंधनासाठी व्हिएन्नासारख्या ठिकाणी थांबावे लागले, आणि विनाथांबा म्हणून विकलेला प्रवास थांब्याचा झाला. मुंबईहून निघणाऱ्या विमानाला या बंदीची झळ तुलनेने कमी लागते, कारण त्याची बरीचशी वाट मुळातच समुद्रावरून जाते.

तिसरे बंधन जमिनीचे आणि यंत्राचे आहे. दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को बृहद्वृत्त ज्या तिबेटच्या पठारावरून जाते, त्याची सरासरी उंची सुमारे ४,५०० मीटर आहे. विमानातील हवेचा दाब अचानक गेला, तर वैमानिकाला सुमारे १०,००० फुटांपर्यंत, म्हणजे ३,००० मीटरच्या आसपास खाली यावे लागते, कारण प्रवाशांच्या मुखवट्यांतील प्राणवायू साधारणतः पंधरा-वीस मिनिटेच पुरतो. ज्या पठाराची जमीनच त्याहून उंच आहे, त्यावर हे शक्य नसते. म्हणून तिबेटवरून नियमित उड्डाणे फार थोडी होतात आणि जी होतात त्यांना सुटकेच्या वाटा आधीच ठरवून ठेवाव्या लागतात. दोन इंजिनांच्या विमानांना आणखी एक अट असते: एक इंजिन बंद पडले तर उरलेल्या एका इंजिनावर ठरावीक मिनिटांत गाठता येईल, असा पर्यायी विमानतळ वाटेवर कायम असला पाहिजे. १९५३ पासून अमेरिकेत ही मर्यादा साठ मिनिटांची होती, १९८५ मध्ये ती १२० झाली आणि १९९५ मध्ये बोईंग ७७७ ला १८० मिनिटांची मुभा मिळाली. महासागर आणि ध्रुव दोन इंजिनांच्या विमानांना त्यानंतर खऱ्या अर्थाने खुले झाले. या अटीचा अर्थ जून २०२३ मध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेल्या एका विमानाच्या प्रवाशांना कळला, जेव्हा इंजिनातील बिघाडामुळे ते रशियाच्या पूर्व टोकाच्या मगदान या गावी उतरवण्यात आले आणि पर्यायी विमान येईपर्यंत त्यांना तेथे मुक्काम करावा लागला. ज्या गावाचे नाव त्यांच्यापैकी बहुतेकांनी ऐकलेही नसेल, ते मार्ग आखणाऱ्याच्या यादीत मात्र आधीपासून होते.

ध्रुवाजवळच्या थंडीचा प्रश्नही याच वर्गातला आहे. जेट विमानांत सामान्यतः वापरले जाणारे इंधन उणे ४७ अंश सेल्सियसला गोठू लागते आणि ध्रुवीय हवा काही वेळा त्याहून थंड असते, त्यामुळे वैमानिकाला वेग वाढवून, खाली उतरून किंवा वळसा घेऊन इंधनाचे तापमान राखावे लागते. जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाच्या केवळ महिला वैमानिकांच्या चमूने सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळूरला उत्तर ध्रुवावरून विमान आणले, तेव्हा दोन शहरांमधील बृहद्वृत्तीय अंतर सुमारे १४,००० किलोमीटर होते आणि प्रत्यक्ष कापलेले अंतर १६,००० च्या आसपास. ध्रुवावरची वाट म्हणजे जवळची वाट, हा समज या उदाहरणाला लागू पडत नाही. त्या जोडीची सर्वांत जवळची वाट ७१ अंश अक्षांशाच्या वर जातच नाही.

घड्याळाचा विचार शेवटी करावा लागतो, आणि तो थोडक्यात उरकता येतो. तिकिटावर छापलेला वेळ हवेतील वेळ नसतो. विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून गंतव्यस्थानी जागेवर उभे राहीपर्यंतचा तो वेळ असतो, त्यात धावपट्टीपर्यंतची रांग येते आणि उशीर झाल्याची नोंद होऊ नये म्हणून कंपन्यांनी टाकलेली थोडी सूटही येते. त्याशिवाय निघण्याची आणि पोहोचण्याची वेळ स्थानिक असते. भारतीय प्रमाणवेळ कॅलिफोर्नियाच्या पुढे उन्हाळ्यात साडेबारा आणि हिवाळ्यात साडेतेरा तास आहे, म्हणून उन्हाळ्यात पहाटे अडीचला दिल्लीहून निघून साडेपंधरा तास उडालेले विमान त्याच तारखेला पहाटे साडेपाचला उतरते. पुण्यामुंबईतील ज्या आईवडिलांची मुले कॅलिफोर्नियात स्थायिक आहेत, त्यांना हा हिशेब तोंडपाठ असतो. प्रथमच जाणाऱ्याला मात्र तीन तासांत अमेरिका गाठल्याचा भास होतो.

पुस्तकाची व्याप्ती एवढ्यापुरतीच ठेवली आहे. भाडे, इंधनाचे दर आणि लांबच्या प्रवासाचा शरीरावर होणारा परिणाम हे विषय महत्त्वाचे असूनही बाहेर ठेवले आहेत, कारण त्यांना स्वतंत्र मांडणी लागते. पुढील प्रकरणांत अंतरे किलोमीटरमध्ये दिली असून, वैमानिकांच्या वापरातील सागरी मैल, म्हणजे १.८५२ किलोमीटर, जेथे गणिताला आवश्यक होता तेथेच घेतला आहे. विमानसेवांची वेळापत्रके दर हंगामात बदलतात आणि आकाशे त्याहूनही अनपेक्षितपणे उघडतात व मिटतात, म्हणून प्रत्येक वेळेसोबत वर्ष नोंदवले आहे आणि वाचकाने ती वेळ त्या वर्षापुरतीच खरी मानावी अशी अपेक्षा आहे. पहिले प्रकरण गोलीय त्रिकोणाच्या भूमितीचे आहे. शालेय त्रिकोणमिती आठवत असलेल्या वाचकाला ते कागद-पेन्सिल घेऊन पुरते सोडवता येईल, आणि ज्याला ते टाळावयाचे असेल त्याने दुसऱ्या, वाऱ्यांवरील प्रकरणापासून आरंभ केला तरी अडणार नाही.